९१ दर वेळी मूळ संख्या का ठरते? विभाजक, विभाज्य, मसावि-लसावि यांतल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. पोराला पाढे येतात, भागाकार येतो, तरी वहीत ९१ पुढे ‘मूळ संख्या’ लिहिलेलं असतं. दाखवून दिलं, दुरुस्त करून घेतलं, तर पुढच्या चाचणीत ११९ पुढे तेच. मसावि (महत्तम सामाईक विभाजक) विचारला की लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) काढून येतो. दहावीपर्यंत हे असंच चालतं आणि मग सगळे म्हणतात, पाया कच्चा आहे.

घरी यावर आणखी पन्नास गणितं घातली जातात. त्यानं ही चूक जात नाही, कारण हात कच्चा नसतोच. कुठं थांबायचं हे पोराच्या मनात ठरलेलं नसतं. भागून बघणं कुठं थांबवायचं, अवयव पाडणं कुठं थांबवायचं, मांडणी कुठं संपली म्हणायची, हे पक्कं झालं की खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका एकदमच सुटतात.

आधी शब्द तपासा, गणित नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात एक जादा अडचण आहे, ती कोल्हापूर-साताऱ्याच्या पोराला नसते. शाळेत पुस्तक मराठी, शिकवणीत किंवा शेजारच्या ताईकडून समजून घेताना कानावर कन्नड. मराठीत ज्याला मूळ संख्या म्हणतात तिला कन्नडमध्ये ‘अविभाज्य संख्ये’ म्हणतात. आता मराठीत ‘विभाज्य’ म्हणजे पट, पाढ्यात येणारी संख्या. मुलगी दोन्ही ऐकते आणि विचारते, “७ हा ७ चा विभाज्य आहे ना, मग तो अविभाज्य कसा?” प्रश्न अगदी रास्त आहे. तिला रागावू नका, दोन भाषांचे दोन शब्द वेगळे करून द्या.

विभाजकाला कन्नडमध्ये ‘अपवर्तन’ आणि विभाज्याला ‘अपवर्त्य’ म्हणतात. त्यामुळे तिकडं म.सा.अ. आणि ल.सा.अ., आपल्याकडं मसावि आणि लसावि. गंमत बघा, दोन्ही भाषांत मुख्य शब्द शेवटच्या एका अक्षरात दडलेला आहे. मसावितला ‘वि’ विभाजकाचा, लसावितला ‘वि’ विभाज्याचा. पोराला ऐकू येतं ते फक्त ‘महत्तम’ आणि ‘लघुत्तम’. मग ते सरळ अर्थ लावतं की महत्तम म्हणजे मोठं उत्तर आणि लघुत्तम म्हणजे लहान उत्तर. प्रत्यक्षात बरोबर उलटं होतं. अदलाबदलीचं खरं कारण हेच आहे आणि ते घोकून जात नाही.

उपाय पाढ्यातून करा. “बाराचा पाढा म्हण” म्हटलं की जे येतं ते १२ चे विभाज्य: १२, २४, ३६, ४८… बारा दाहे वीसाशे म्हणून आपण थांबतो, पाढा काही थांबत नाही. “बारा कुणाकुणाच्या पाढ्यात येतो, सांग बघू” म्हटलं की जे येतं ते विभाजक: १, २, ३, ४, ६, १२. सहा झाले आणि संपले. इथं बहुतेक मुलं १ आणि १२ सोडतात, कारण एकाचा पाढा कुणी पाढा म्हणून म्हणत नाही. ते दोन आवर्जून लिहायला लावा.

विभाजक संपतात, म्हणून त्यांतला सगळ्यात मोठा निवडता येतो. विभाज्य संपतच नाहीत, म्हणून त्यांतला सगळ्यात लहानच काय तो निवडता येतो. लघुत्तम सामाईक विभाजक काढायचा म्हटलं तर तो नेहमी १ येणार, आणि महत्तम सामाईक विभाज्य तर नसतोच. हे एकदा पोराच्या तोंडून वदवून घेतलं की मसावि आणि लसावि एकमेकांच्या जागी जात नाहीत. शिवाय उत्तर आल्यावर एक नजर टाकायची सवय लावा: मसावि दिलेल्या सगळ्यात लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही, लसावि सगळ्यात मोठीपेक्षा लहान असूच शकत नाही, आणि मसाविनं लसाविला पूर्ण भाग गेलाच पाहिजे. १८ आणि २४ चा मसावि ७२ लिहिला असेल तर खोडायला दुसऱ्या कुणाची गरज नाही.

९१ का निसटते

मुलं मूळ संख्या ओळखताना पाढ्यात शोधतात. सातचा पाढा सत्तरला थांबतो आणि तेराचा पाढा हल्ली पुष्कळांचा पाठ नसतो. ९१ म्हणजे ७ × १३. दोन्ही बाजूंनी ती पाढ्याच्या कुंपणाबाहेर राहते आणि ‘कुणाच्याच पाढ्यात नाही’ असा निकाल लागतो. ७७, ११९, १३३, १६१ यांचं दुखणं तेच आहे.

पूर्वी तीसपर्यंत पाढे म्हणून घेत. सतरा त्रिक एकावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, तेरा साते एक्क्याण्णव. हे जिभेवर असलं की ५१, ५७, ८७, ९१ या चारही फसव्या संख्या डोळ्यांआधी कानाला कळतात. तीसपर्यंत पाढे करून घेणं आजही वाया जात नाही. पण तेवढा वेळ नसेल तर सातनं पाढ्यात शोधू नका, सरळ सत्तर काढून घ्या. ९१ मधून ७० काढले, २१ उरले. २१ सातच्या पाढ्यात, म्हणून ९१ पण. ११९ मधून ७० काढले, ४९ उरले. १३३ मधून ७० काढले, ६३ उरले. १६१ मधून १४० काढले, २१ उरले. चौथीच्या पोरालाही जमतं.

शंभरपर्यंत काम आणखी सोपं आहे. २, ३ आणि ५ नं भाग जाणाऱ्या संख्या बाजूला काढल्या की संयुक्त संख्या फक्त तीनच उरतात: ४९, ७७ आणि ९१. या तीन पाठ केल्या की शंभरपर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या चुकायला जागाच नाही. शंभर ते दोनशेमध्ये अशा फसव्या संख्या सात आहेत: ११९, १२१, १३३, १४३, १६१, १६९, १८७. तेवढ्या कपाटाच्या दारावर चिकटवा.

आणखी दोन गैरसमज ओघात येतात. एक, ‘मूळ म्हणजे विषम’. २ सम असून मूळ आहे, ९ विषम असून मूळ नाही. दुसरा, ‘१ मूळ आहे’. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे. हा नियम उगीच केलेला नाही. १ ला मूळ मानलं तर १२ = २ × २ × ३, नाहीतर १ × २ × २ × ३, नाहीतर १ × १ × २ × २ × ३, असं कितीही लिहीत बसता येईल, आणि प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे दहावीत शिकायचं प्रमेयच मोडेल. अवयव पाडताना पोरं १ लिहितात तेव्हा हे सांगा.

किती पर्यंत भागून बघायचं

विभाजक जोडीनं येतात. ३६ च्या जोड्या मांडा: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. सहानंतर पुढं गेलात तर ९ × ४, १२ × ३ अशा त्याच जोड्या उलट्या होऊन परत येतात. म्हणून ज्या संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येच्या पुढं जातो तिथं थांबायचं. १२७ तपासायची असेल तर ११ चा वर्ग १२१ आहे, १३ चा १६९. म्हणजे २, ३, ५, ७, ११ एवढ्यांनीच भागून बघायचं. एकानंही भाग गेला नाही, १२७ मूळ. काही मुलं ६३ पर्यंत भागत बसतात आणि कंटाळून मध्येच कुठंतरी सोडतात; काही सातवरच थांबतात आणि १२१ ला, १४३ ला मूळ म्हणून मोकळी होतात. दोन्ही चुका एकाच ठिकाणच्या आहेत.

सरावाला पुस्तकच लागतं असं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून केए २२ नाहीतर केए २३ च्या गाड्यांच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक घ्या. १०० चा वर्ग १०,०००, त्यामुळं चार अंकी कुठल्याही संख्येला ९७ च्या पुढच्या मूळ संख्येनं भागून बघावं लागत नाही.

कसोट्या कुठं फसतात

३ ची कसोटी अंकांच्या बेरजेची. पोरं ती ७ ला लावतात: ६१ मध्ये ६ + १ = ७, म्हणून ७ नं भाग जातो. जात नाही, ६१ मूळ आहे. ‘शेवटी ३ आहे म्हणून ३ नं भाग जातो’ हाही नेहमीचा घोटाळा. २३ आणि ५३ दाखवा. आणि ‘४ नं जातो, ६ नंही जातो, म्हणजे २४ नं जातो’ असं कुणी म्हटलं तर १२ समोर ठेवा. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे, म्हणून गुणाकार चालत नाही; ३ आणि ८ मध्ये सामाईक काही नाही, तिथं चालतो.

पिनकोडवर हे छान करून घेता येतं. बेळगावचा ५९०००१: बेरीज १५, म्हणजे ३ नं जातो, ९ नं नाही. निपाणीचा ५९१२३७: बेरीज २७, म्हणजे ९ नं जातो. सहा अंकी संख्येला ७, ११ आणि १३ तिन्हींसाठी मिळून एकच कसोटी आहे: पहिल्या तीन अंकांतून शेवटचे तीन वजा करा, आणि या तिघांपैकी ज्यानं वजाबाकीला भाग जातो त्यानं त्या सहा अंकी संख्येलाही जातो. हे चालतं कारण ७ × ११ × १३ = १००१. चिकोडीचा ५९१२०१ घ्या. ५९१ − २०१ = ३९०, आणि ३९० म्हणजे १३ × ३०. म्हणून चिकोडीच्या पिनकोडला १३ नं पूर्ण भाग जातो, भागाकार ४५,४७७.

खानापूरच्या ५९१३०२ वर मात्र जपून. ५९१ − ३०२ = २८९, आणि २८९ म्हणजे १७ × १७. हुशार मूल लगेच म्हणेल, १७ नं जातो. नाही जात, ८ उरतात. ही वजाबाकी फक्त ७, ११, १३ बद्दल बोलते. १७ बद्दल ती काहीच सांगत नाही. असं उदाहरण मुद्दाम द्यावं, कारण कसोटी कशासाठी आहे हे विसरणं ही मोठ्या वर्गातली चूक आहे.

अवयव पाडताना अर्ध्यावर थांबणं

इथं थोडं सावकाश जाऊ. दोन सालं घ्या, दोन्ही या भागात सगळ्यांना ठाऊक: १९२४, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, आणि १९५६, राज्यपुनर्रचना.

१९५६ ला २ नं भागा, ९७८. परत २ नं, ४८९. आता २ नं जात नाही. निम्मी मुलं इथं ४८९ भोवती वर्तुळ काढून मोकळी होतात. पण ४ + ८ + ९ = २१, म्हणजे ३ नं जातो: १६३. आता १६३ तपासायची. १३ चा वर्ग १६९, पुढं गेला, म्हणून ११ पर्यंतच. ३ नं नाही, बेरीज १० आहे. ५ नं नाही. ७ नं १४० काढले तर २३ उरतात, नाही. ११ नं १५४ काढले तर ९ उरतात, नाही. १६३ मूळ. १९५६ = २ × २ × ३ × १६३.

१९२४ ला २ नं भागा, ९६२. परत २ नं, ४८१. इथं ३ ची कसोटी लावली तर बेरीज १३, जात नाही. आता जवळजवळ सगळी मुलं वर्तुळ काढतात. ४८१ दिसायलाच मूळ वाटते. पण २१ चा वर्ग ४४१ आणि २२ चा ४८४, म्हणजे १९ पर्यंत जायलाच हवं. ५ नाही. ७ नं ४७६, ५ उरले. ११ नं ४७३, ८ उरले. १३ नं? तेर त्रिक एकोणचाळीस, म्हणजे ३९० काढले, ९१ उरले, आणि ९१ पुन्हा तेरा साते. १३ × ३७ = ४८१. जी ९१ आधी निसटत होती तीच इथं आतून मदतीला येते. १९२४ = २ × २ × १३ × ३७.

वर्तुळ काढण्याआधी प्रत्येक टोकाच्या संख्येशेजारी ‘कितीपर्यंत तपासलं’ ते बारीक अक्षरात लिहायला लावा: १६३ शेजारी ११, ३७ शेजारी ५. आठवडाभर केलं तरी फरक दिसतो.

याच दोन संख्यांचा मसावि अवयव न पाडताही निघतो. १९५६ ला १९२४ नं भागा, ३२ उरले. १९२४ ला ३२ नं भागा, ४ उरले. ३२ ला ४ नं भागा, काही उरलं नाही. शेवटचा भाजक ४, तोच मसावि. युक्लिडची ही रीत मोठ्या संख्यांना फार सोयीची आहे. लसावि हवा असेल तर १९२४ ला ४ नं भागून आलेल्या ४८१ ला १९५६ नं गुणा: ९,४०,८३६. आधी गुणून मग भागायला गेलं की आकडे वाढतात आणि हातचा चुकतो. म्हणून आधी भागायचं.

उभ्या मांडणीतला खड्डा

तीन संख्यांचा लसावि हे चुकीचं नेहमीचं ठिकाण. १२, २०, ३० घ्या. तिघांना २ नं भागलं: ६, १०, १५. आता तिघांना मिळून भाग देणारी संख्या नाही. मुलं थांबतात आणि २ × ६ × १० × १५ = १८०० लिहितात. खरं उत्तर ६० आहे.

मसाविसाठी इथं थांबणं बरोबर होतं: मसावि २. लसाविसाठी मात्र दोघांना जरी भाग जात असला तरी पुढं जायचं, उरलेली संख्या तशीच खाली उतरवायची. २ नं: ३, ५, १५. ३ नं: १, ५, ५. ५ नं: १, १, १. डावीकडचे २ × २ × ३ × ५ = ६०. सगळ्या खाली १ येईपर्यंत थांबायचं नाही, ही खूण पक्की ठेवा. ‘दोन संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि’ हे सूत्रही दोनच संख्यांचं आहे. इथं लावून बघा: १२ × २० × ३० = ७२००, आणि २ × ६० = १२०.

शाब्दिक उदाहरणात कुठला काढायचा

‘वाटायचं, कापायचं, समान भाग करायचे’ असेल तर विभाजक, म्हणून मसावि. ३६० सेंमी × ३०० सेंमी खोलीला न कापता बसणारी सगळ्यात मोठी चौरस फरशी? मसावि ६०, म्हणजे ६० सेंमीची फरशी, ६ × ५ = ३० नग. ८४ किलो आणि १२६ किलो रताळी न मिसळता समान वजनाच्या पोत्यांत भरायची? मसावि ४२ किलो, दोन पोती आणि तीन पोती.

‘पुन्हा एकत्र कधी’ असेल तर विभाज्य, म्हणून लसावि. समजा स्टँडवरून तीन मार्गांच्या बसेस १५, २० आणि २५ मिनिटांनी सुटतात आणि सकाळी ६ ला एकदम सुटल्या. लसावि ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. परत ११ वाजता. पोरं इथं ३०० लिहून सोडतात. प्रश्न वेळ विचारतो, मिनिटं नाही.

बाकी उरणारी गणितं दोन जातींची आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. १२, १५, १८ च्या ओळी लावल्या तर दर वेळी ५ उरतात, मग कमीत कमी किती? लसावि १८०, म्हणून १८० + ५ = १८५. पण बाकी ७, १०, १३ अशी वेगवेगळी दिली असेल तर बाकीकडं बघू नका, कमी किती पडतात ते बघा. १२ ला ५ कमी, १५ ला ५ कमी, १८ लाही ५ कमी. मग १८० − ५ = १७५.

‘सहमूळ’ या शब्दावरही एकदा थांबा. ८ आणि ९ सहमूळ आहेत, त्यांतली एकही मूळ नाही. सहमूळ म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नाही, एवढंच.

डिप्लोमाच्या मुलांना हीच थांबण्याची चूक सी भाषेत भेटते. भाजकाचा वर्ग संख्येइतका किंवा लहान असेपर्यंत फेरी चालवायची, ही अट बरोबर आहे. पण ३२ बिटच्या इंटमध्ये सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ मावते आणि ती स्वतः मूळ आहे. तीच तपासायला दिली की ४६,३४१ चा वर्ग इंटमध्ये मावत नाही आणि अट भरवशाची राहत नाही. वर्ग करण्याऐवजी संख्येला भाजकानं भागून येणाऱ्या भागाकाराशी भाजकाची तुलना करा. आणि १ साठी वेगळी अट आधीच लिहा, नाहीतर फेरी एकदाही न चालता १ मूळ ठरते.

दुरुस्ती टिकली का हे बघायला पंधरा दिवसांनी चार सालं द्या: २०२१, २०२३, २०२५, २०२७. २०२५ = ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५ लगेच सुटतं. २०२३ ला ७ नं जातो, भागाकार २८९ येतो, आणि तो १७ × १७. २०२१ साठी ४३ पर्यंत जावं लागतं: ४३ × ४७. २०२७ साठीही ४३ पर्यंतच, कारण ४७ चा वर्ग २२०९. चौदाही मूळ संख्यांनी भागून झालं, एकानंही जात नाही, ती मूळ. उत्तरांपेक्षा २०२१ ला पोर कुठं थांबलं तेवढं बघा.